दारांवर उभं असलेलं गाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मात्र विचारू नका. खैरबोडीत दहा जणांना विचारलंत तर दहा आकडे ऐकाल, आणि अकरावा माणूस म्हणेल की हे दहाही चुकले. तेव्हा आकडा राहू द्या. गोष्ट मात्र घडलेली आहे, असं म्हणतात.

त्या काळी खैरबोडी म्हणजे कोळशाचं गाव. त्याच्याही आधी तिथं खैराची झाडं होती आणि एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. मग कुणाच्या तरी विहिरीत पाण्याऐवजी काळा दगड लागला. तो दगड चुलीत टाकला तर पेटला, आणि दोन वर्षांत कंपनी येऊन हजर झाली. पाठोपाठ रेल्वेचे रूळ आले, साहेबाचा बंगला आला, शाळा आली, रविवारचा बाजार आला. झाडं गेली, बोडी बुजली, नाव तेवढं राहिलं.

ही खाण गावाच्या बाहेर नव्हती, गावाच्या खाली होती. तिचं तोंड टेकडीच्या पायथ्याशी होतं. तिथून उतारानं खाली गेलं की वरच्यासारख्याच गल्ल्या सुरू व्हायच्या, वरच्यासारखेच चौक लागायचे. वर बाजारचौक होता, त्याच्या बरोबर खाली चार गल्ल्या मिळणारा मोठा चौक होता. वर बाया वांगी विकायच्या आणि त्यांच्या पायाखाली त्यांचे नवरे कोळसा फोडायचे. छत खाली येऊ नये म्हणून जागोजाग सागाचे मांडीएवढे जाड टेकू दिलेले असायचे.

खाणीत एक रीत होती. सकाळी कुणीही एकदम आत शिरायचं नाही. आधी आत जायचा ठोक्या. त्याच्या हातात तिवसाच्या चिवट लाकडाची काठी, काठीला पितळेचं टोपण. तो छताला तीनदा काठी मारायचा आणि कान द्यायचा. आवाज भरीव आला तर ओरडायचा, ‘पक्कं हाय!’ मग बाकीचे आत जायचे. आवाज पोकळ आला तर तो काही न बोलता मागं फिरायचा, आणि त्याला तसं मागं फिरताना पाहून सगळे बाहेरच बसून राहायचे. पगार देणारा साहेब असला तरी आत जायचं की नाही ते ठोक्याच सांगायचा.

खैरबोडीचा ठोक्या होता सोमाजी, आणि त्याची बायको भिवरा. तेव्हा बायाही खाणीत जायच्या, डोक्यावरून कोळसा वाहायच्या. भिवरा मात्र टोपली घेऊन नवऱ्याच्या पाठोपाठ सगळ्यांच्या आधी आत जायची. लोक हसायचे. म्हणायचे, या बाईला नवऱ्याशिवाय घडीभर करमत नाही. तीही हसायची आणि गप्प राहायची.

मग एके दिवशी हुकूम आला की यापुढे बायांनी खाणीत उतरायचं नाही. साहेबानं तो खाणीच्या तोंडाशी उभं राहून वाचून दाखवला. बाया टोपल्या खाली ठेवून बाजूला झाल्या. भिवराही झाली. सोमाजी मात्र जागचा हलला नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “माह्या कानात पंधरा वर्सांपासून काईच नाई. सुरुंगाच्या आवाजानं गेले ते. बोलनं मले ओठावरून समजते. काठी मी मारतो, आयकते ते भिवरा. पक्कं असलं तं माह्या कोपराले एक बोट लावते, नसलं तं दोन. हिले वरतं ठेवाचं असन तं मले बी वरतं ठेवा, अन् छताले तुमीच इचारा.”

तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी भिवराच्या बोटांकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्यांचे जीव एका बहिऱ्या माणसाच्या काठीवर आणि एका बाईच्या बोटांवर तगले होते, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. साहेब हुशार होता, निदान त्या दिवशी तरी. त्यानं हुकुमाच्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बंगल्यावर निघून गेला. सोमाजीनं काठी बायकोच्या हातात दिली. त्या दिवसापासून भिवरा खैरबोडीची ठोकी झाली, आणि हळूहळू सगळ्यांची भिवरामाय झाली.

तिच्या कानांबद्दल काय काय सांगतात! ती टेकूला नुसती टिचकी मारून त्याचं झाड डोंगराच्या कुठल्या अंगाला वाढलेलं ते सांगायची, असं म्हणतात. वर अंगणात काठी टेकवून खाली कामावर कुणाची पाळी आहे ते ओळखायची, असंही म्हणतात. हे सगळं सोडलं तरी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सारखीच सांगितली जाते. एका सकाळी सत्तर माणसं कामाला उभी होती. भिवरामाय आत गेली आणि न बोलता परत आली. साहेब धावत आला. काल पक्कं होतं, परवा पक्कं होतं, मग आज काय झालं, असं त्यानं विचारलं.

“थो डोंगर दम काढून रायला, साहेब,” ती म्हणाली. “काढू द्या.”

साहेबानं घड्याळ दाखवलं, आरडाओरडा केला, दुसरा ठोक्या आणायची धमकी दिली. सत्तरातला एकही माणूस उठला नाही. दुपारी लोकांनी भाकरी सोडल्या, आणि पहिला घास तोंडात जातोय तोवर आतून असा आवाज आला की टेकडीवरची पाखरं उडाली. आतली सगळी गल्ली छतासकट बसली होती. सत्तर माणसं बाहेर भाकरी खात होती. त्या दिवसापासून गावात कुणीही शपथ घ्यायची तर देवाच्या आधी मायच्या काठीची घ्यायचा.

पण कोळसा काही तिच्या ऐकण्यातला नव्हता. पुढं पुढं थर पातळ होत गेला. जिथं पुरुषभर उंचीचा कोळसा होता तिथं कमरेएवढा झाला, मग गुडघ्याएवढा, आणि एके दिवशी नुसता दगड लागला. कंपनीनं आणखी वर्षभर इकडेतिकडे उकरून पाहिलं आणि मग खाण बंद केली. पाणी उपसणारा पंप थांबला. साहेबाचं सामान गाडीत गेलं, आणि ती शेवटची गाडी गेल्यावर तिच्या मागचे रूळही उपटून नेले.

भरलेलं गाव कसं ओसरतं ते पाहायला फार वाईट वाटतं. आज या घराला कुलूप, उद्या त्या घराला. बाजारात आधी कापडवाला येईनासा झाला, मग भांडीवाला, मग गोडतेलवालाही. शाळेत पाच वर्ग होते, त्यांचा एक झाला. खाणीचा पोंगा, म्हणजे भोंगा, वाजत नव्हता, म्हणून लोकांना सकाळी उठायचं कशाला तेच कळेना. सोमाजी याच सुमारास वारला. ज्यांचं दुसरीकडे कुणी होतं ते गेले. ज्यांचं कुणी नव्हतं, अशी साडेतीनशे घरं उरली.

आणि या साडेतीनशे घरांनी एक चूक केली. ती चूक खाणीत जन्म घालवलेली माणसंच करू शकतात.

खाली सागाचे टेकू उभे होते. शेकडो टेकू, कोरडे, सरळ, न किडलेले. खाली आता कुणी काम करत नव्हतं. मग इतकं सोन्यासारखं लाकूड सडू कशाला द्यायचं? आधी एकानं दोन काढून आणले, मग दुसऱ्यानं चार. वाट सगळ्यांच्या पायाखालची होती, काढायचे कसे तेही हातांना ठाऊक होतं. कवडू सुतार त्यांच्या फळ्या पाडायचा आणि दारं करायचा. वर्षभरात गावाच्या भिंती पडायला आल्या होत्या, कौलं फुटली होती, अंगणात गवत माजलं होतं, आणि दारं मात्र अशी की राजवाड्याला शोभावीत. जन्मभर त्या माणसांनी ते छत खालून पाहिलं होतं. वरून तेच आपलं अंगण आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

भिवरामाय तेव्हा थकली होती. घरातून फारशी निघत नसे. कवडू हा तिचा भाचा. लहानपणी आईबाप गेलेल्या कवडूला तिनंच वाढवलं होतं, आणि गावात सगळ्यांना नवी दारं झाली तरी मायच्या झोपडीला अजून बांबूची तट्टीच आहे, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. त्यानं तिच्यासाठी सगळ्यांत देखणं दार केलं, स्वतः पाठीवर वाहून आणलं, बसवलं आणि तिला हाताला धरून समोर उभं केलं.

“पाय माय, कसं हाय. शंभर वर्सं काई होत नाई याले.”

मायनं दारावरून हात फिरवला. मग बोटाच्या पेरांनी तीनदा ठोकलं आणि तशीच उभी राहिली.

“हे लाकूड कोठचं होय, कवडू?”

“खाणीतलं. तेथं सडूनच रायलं असतं.”

“मोठ्या चौकातलं होय,” माय म्हणाली. “शायेकडचा तिसरा टेकू. वीतभर खाली गाठ हाय त्याच्यात. आवाज तेथं अडकते.”

कवडूचं तोंड उतरलं. गाठ होती. त्यानं ती रंधा मारून झाकली होती.

“कितीक काढले?”

“मी एकट्यानं नाई काढले, माय. सगळ्यायनं काढले. खाण तं बंद झाली. आता खाली कोन हाय?”

“खाली कोनी नाई,” ती म्हणाली. “वरतं तं हाये ना.”

तिनं कोपऱ्यातली काठी उचलली आणि कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडली. गल्लीगल्लीतून ती काठी आपटत हिंडली. टेकडीकडच्या घरांपाशी आवाज बरा होता. बाजाराकडं येऊ लागली तशी तिची मान खाली खाली जाऊ लागली. बाजारचौकाच्या मधोमध तिनं तीनदा काठी मारली, शाळेच्या पायरीवर तीनदा मारली, आणि काही न बोलता मागं फिरली. तिला तसं मागं फिरताना ज्या म्हाताऱ्यांनी पाहिलं, ते होते तिथंच खाली बसले.

मग तिनं घरोघर जाऊन सांगितलं, जे जिथून काढलं ते तिथं नेऊन ठेवा. कुणी हो हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, मायचं वय झालं. एक जण तर म्हणाला की माय दार वाजवते आणि वर दारच मागते. लोक हसले. माणसाला आपली चूक कळली की तो आधी हसूनच घेतो.

पंधरा दिवसांनी शाळेच्या भिंतीला तडा गेला. सकाळी तो करंगळीएवढा होता, संध्याकाळी त्यात मूठ जाईल एवढा झाला. बातमी कंपनीपर्यंत गेली. जुना साहेब निवृत्त झाला होता, नवा साहेब पाहायला आला. त्यानं जमीन मोजली, तड्यात पट्टी घातली आणि दवंडी पिटवली. गावाखालची जमीन पोकळ आहे, आठव्या दिवशी प्रत्येक दारावर नोटीस लागेल, त्यानंतर गावात कुणी राहायचं नाही. पस्तीस कोसांवरच्या माळरानावर जागा मिळेल. तो माणूस वाईट नव्हता हो. तो खरं तेच सांगत होता.

बाया रडत रडत भांडी बांधू लागल्या. पस्तीस कोसांवर गेलेलं गाव तिथं एकत्र राहणार नाही, चहूकडे पांगणार, हे सगळ्यांना कळत होतं. खैरबोडी नावाचं काही उरणार नव्हतं. भिवरामायला तर जायला जागाच नव्हती. सोमाजीची माती इथं होती. ज्या सत्तर जणांना तिनं त्या दिवशी बाहेर बसवलं होतं, त्यांची नातवंडं याच शाळेत बाराखडी गिरवत होती. तिला हे गाव हवं होतं, आणि ते वाचवायला आठ दिवस होते. त्यातले चार दिवस भांडी बांधण्यातच गेले.

पाचवा दिवस रविवार. बाजार भरला होता, म्हणजे गावचीच सारजा तेलीण, दोन वांगीवाल्या आणि एक बोकड. भर दुपारी लोकांनी पाहिलं, तर गल्लीतून दार चालत येत होतं. त्याच्याखाली भिवरामाय होती. सत्तरीची बाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर अख्खं सागाचं दार आणि हातात काठी. कोळशाची टोपली वाहताना मान जशी ताठ ठेवायची, तशीच तिची मान ताठ होती.

“माय व, दार घेऊन कोठी चालली?” सारजानं विचारलं.

“जेथचं हाय तेथं,” माय म्हणाली, आणि थांबलीसुद्धा नाही.

बाजारातून जाऊन ती खाणीच्या तोंडाशी पोचली. तिथं तिनं दार उतरवलं, छताला तीनदा काठी मारली, कान दिला, दार पुन्हा डोक्यावर घेतलं आणि आत गेली.

कवडू सुतार आपल्या कामाच्या ओट्यावर बसून हे पाहत होता. तो उठला. आपल्या घराचं दार त्यानं बिजागरीतून उचकटून काढलं, खांद्यावर टाकलं, करवत आणि कुऱ्हाड कमरेला खोचली आणि तिच्या मागं निघाला. निघताना तो एवढंच म्हणाला, “थे दारं म्या केले. लावाले मीच जातो.”

मग सारजानं तेलाचा डबा झाकला आणि घरी गेली. ती परत आली तेव्हा तिच्या आणि तिच्या सासूच्या डोक्यावर मिळून एक दार होतं. मग पाटलाचं आलं, मास्तरांचं आलं. मायचं वय झालं म्हणणारा आला, आणि तो चेष्टा करणाराही आला, तो तर चौकटीसकट. साडेतीनशे दारं रांगेनं टेकडीच्या पायथ्याकडं चालली होती. शेजारच्या गावचे लोक शेतात उभे राहून पाहत होते आणि ही कुठल्या देवाची जत्रा निघाली म्हणून एकमेकांना विचारत होते, असं म्हणतात.

खाली मोठ्या चौकात उभं राहवत नव्हतं. टेकू जिथं जिथं होते तिथं आता नुसते खड्डे होते, आणि छत मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं. मधूनच माती झरायची. माय चौकात मधोमध उभी राहिली आणि तिनं काठीनं सात जागा दाखवल्या. कवडूनं तिथं दारांच्या चळती लावायला सुरुवात केली. एक आडवं, त्यावर एक उभं, पुन्हा आडवं, मग चौकटी, मग खाटांचे पाय, मग बैलाचं जू. जमिनीपासून छतापर्यंत सात खांब उभे करायचे होते. वरची फट राहील तिथं पाचर ठोकायची. पाचरी संपल्या तेव्हा बायांनी वरून पाट, मुसळं आणि पोळपाट आणले.

तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. माय एका खांबाकडून दुसऱ्याकडं जायची, हात वर करायची. हात वर झाला की सगळे जागच्या जागी थांबायचे, श्वाससुद्धा हळू घ्यायचे. ती ऐकायची. हात खाली आला की काम पुन्हा सुरू.

आठव्या दिवसाच्या सकाळी सहा खांब पक्के झाले. सातवा छताच्या हातभर खाली थांबला. लाकूड संपलं होतं. गावात एक दार, एक खाट, एक मुसळ उरलं नव्हतं. आणि छतानं त्याच वेळी आवाज केला, लांबलचक, खाटेवरचा म्हातारा कूस बदलताना करतो तसा. माणसं मागं सरली.

“माय, निंघ आता,” कवडू म्हणाला. “झालं तेवढं लय झालं.”

माय निघाली नाही. तिनं सातव्या खांबावर पाय दिला, वर चढली आणि हातातली तिवसाची काठी त्या फटीत आडवी न घालता उभी लावली. चाळीस वर्षं हातात वागवलेली काठी. फट हातभर आणि काठी पुरुषभर उंच. पण मायनं लावली तेव्हा ती काठी बरोबर हातभर झाली, आणि लावून हात काढला तेव्हा ती खांबाएवढी जाड झाली होती, असं म्हणतात. कवडू सुतार मात्र मरेपर्यंत सांगत राहिला की त्यानं ती आपल्या करवतीनं तिथल्या तिथं कापली आणि चार तुकडे एकाशी एक जोडून ठोकले, आणि कापताना तो रडत होता. तुम्हाला जे पटेल ते धरा. छत त्या काठीवर आलं, टेकलं आणि थांबलं.

माय खाली उतरली. मारायला काठी नव्हती, म्हणून तिनं टाच तीनदा जमिनीवर आपटली आणि मान वर करून ऐकलं.

“पक्कं हाय,” ती म्हणाली.

सगळे बाहेर आल्यावर तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. पंप थांबल्यापासून खालच्या गल्ल्यांतून पाणी वर चढत होतं. त्याला अडवू नका, येऊ द्या, ती म्हणाली. हवेत सागही कधीतरी सडेल, पाण्याखाली तो लोखंड होईल. जन्मभर ज्या पाण्याला शिव्या घालत उपसलं, त्याला खैरबोडीनं त्या दिवशी पहिल्यांदा ये म्हटलं.

त्याच दुपारी साहेब आला. बरोबर दोन शिपाई, साडेतीनशे नोटिसा, खळीची बादली आणि कुंचला. पहिल्या घरापाशी शिपायानं कुंचला खळीत बुडवला, वर उचलला आणि तसाच उभा राहिला. घराला दार नव्हतं. शेजारच्या घरालाही नव्हतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाही घराला दार नव्हतं. आत चुली पेटलेल्या दिसत होत्या, पोरं जेवताना दिसत होती, आणि कुंचल्यावरून खळ शिपायाच्या पायावर गळत होती.

“दारं कुठं आहेत?” साहेबानं विचारलं.

“खाली हायेत,” सारजा म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.

“खाली कुठं?”

“तुमच्या पायाखाली, साहेब.”

साहेबानं पायाकडं पाहिलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे. दार नाही तर वाजवणार काय, म्हणून त्यानं हातातली छडी सारजाच्या उंबऱ्यावर तीनदा आपटली. तिघींनी आतून, आणि समोरच्या घरातून चौघांनी, आणि मग गल्लीभर जो जिथं होता त्यानं तिथून उत्तर दिलं, “पक्कं हाय!”

साहेबानं आपली यंत्रं मांडली. बाजारचौकात मोजलं, शाळेपाशी मोजलं, तड्यात पट्टी घातली. तडा वाढला नव्हता. तो तीन दिवस तंबू ठोकून राहिला, रोज मोजत राहिला, आणि रोज कुणीतरी त्याला वांग्याची भाजी आणून देत राहिलं. चौथ्या दिवशी त्यानं नोटिसांचा गठ्ठा सारजाला दिला. तिनं त्यात वर्षभर लसूण बांधून विकला.

खाण गेली ती गेलीच. पण पुढच्या उन्हाळ्यात, आसपासच्या गावांच्या विहिरींना तळ दिसत होता तेव्हा, खैरबोडीच्या खाणीच्या तोंडाशी गार, निवळ पाणी येऊन उभं राहिलं. त्या पाण्यावर वांगी झाली, मिरची झाली. गेलेली माणसं एक एक करून परत आली, कापडवालाही आला, आणि शाळेत पुन्हा पाच वर्ग झाले. कोळशाच्या काळात गावाला कधी मिळालं नाही ते त्याला तेव्हा मिळालं. ते कुणाच्या पोंग्यावर न उठता जगू लागलं.

भिवरामाय नंतर पुष्कळ जगली. नव्वद वर्षं म्हणतात, एकशे दहाही म्हणतात. तिनं पुन्हा दार बसवू दिलं नाही. मला तट्टी बरी, हात लावला की उघडते, असं ती म्हणायची. ती गेली त्या दिवशी जमिनीखालून, खोल पाण्यातून, तीनदा ठोकल्याचा आवाज आला. तो गावात सगळ्यांनी ऐकला, असं म्हणतात. सोमाजी तिला घ्यायला आला होता, आणि त्याला आता ऐकूही येत होतं, असंही म्हणतात. मला हे शेवटचं फार आवडतं, म्हणून मी ते कधी गाळत नाही.

आता खैरबोडीत दारं आहेत. पण तिथला सुतार आजही दार असं बसवतो की एका माणसाला ते उचलून काढता यावं. का म्हणून विचारलं तर तो म्हणतो, मायनं मागितलं तर? नवी सून घरात येते तेव्हा माप ओलांडायच्या आधी तिच्या हातात तिवसाची काठी देतात. ती उंबऱ्यावर तीनदा मारते आणि सासरचे सगळे आतून उत्तर देतात. त्यावाचून तिचं पाऊल आत पडत नाही.

आणि तिथं कुणी कधी कडी वाजवत नाही. ज्या वर्षी गावाला दारं नव्हती त्या वर्षीची सवय ती, पुढं दारं आली तरी मोडली नाही. तुम्ही गेलात तर काठीनं, काठी नसेल तर टाचेनं, उंबऱ्यावर तीनदा ठोका. तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात, हे ते नंतर विचारतील. आधी आतून आवाज येईल, म्हाताऱ्याचा येईल नाहीतर बोबड्या पोराचा, “पक्कं हाय.”

मग खुशाल आत जा.